पानांसकट लिंबं

१

हारलन स्टिडने शपथेवर खोटं सांगितलं, असा अर्ज कोर्टात पडला, आणि हारलनला त्यावर ब्र काढता येत नव्हता. वसंतात झटका आला तेव्हापासून त्याची वाचा गेलेली, उजवा हात गेलेला. टेकडीवरच्या शुश्रूषागृहात तो खिडकीशी बसून नदीकडे बघायचा. कुणी ‘कसा आहेस?’ विचारलं तर एक डोळा मिटायचा, बस्स.

मी आणि हारलन एकाच धंद्यातले. लोकांच्या दारात जायचं, नाव विचारायचं, कोर्टाचे कागद हातात ठेवायचे आणि शिव्या खाऊन परत यायचं. हे काम मला त्यानेच शिकवलं. दार किल्लीने वाजवायचा. समोरच्याचं पूर्ण नाव विचारायचा, आणि ‘हो, मीच’ असं त्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही. म्हणून वकील बील यांचा निरोप आला तेव्हा माझं डोकंच उठलं. गुडघा आधीच उठलेला होता.

बील यांचं ऑफिस हार्डवेअरच्या दुकानावर. जिना चढताना मी गावाला, जिन्याला आणि बील यांना शिव्या घातल्या.

“बसा, नडीनबाई,” ते म्हणाले.

“बसले की उठवत नाही. उभ्यानेच सांगा.”

“सोमवारी सुनावणी आहे. कोरीन म्हणते, बापाच्या अंत्यविधीनंतर तिने ओहायोत पाऊल टाकलेलं नाही. हारलन शपथेवर सांगून बसलाय, की रानलसणीच्या गावजेवणाच्या शनिवारी त्याने तिच्या बापाच्याच घरात, स्वयंपाकघराच्या दारात तिच्या हातात कागद दिले. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय.”

“हारलन नाही.”

“हे तुम्ही म्हणता. तो घ्यायचा, हे सगळ्या टॅनर्स लँडिंग गावाला माहीत आहे. डोळ्यांत मोतीबिंदू. पुढच्याच आठवड्यात झटका. तिकडचा वकील म्हणणार, म्हातारा दमला होता, कागद नदीत टाकले आणि घरी जाऊन झोपला.” बील यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आणि खरं सांगू? हे मलाही रोज रात्री वाटतं.”

मी बसले. उठवणार नव्हतं, तरी बसले.

भानगड साधी होती. वेंडेल टॅकेट मार्चमध्ये गेला. वर्ना स्कॅग्ज त्याच्याबरोबर वीस वर्षं राहिली. लग्न केलं नाही, कारण वेंडेल म्हणायचा, एकदा केलं तेवढं पुरे झालं. जुन्या मृत्युपत्रात त्याने सगळं मुलीच्या, कोरीनच्या नावे केलं होतं आणि इस्टेटीची व्यवस्थाही तिच्याकडेच दिली होती. पुढे त्याने बील यांच्यासमोर आणखी एक कागद करून ठेवला, की वर्नाने मरेपर्यंत त्या घरात राहावं. कोरीन ॲरिझोनाहून आली, बापाला पुरलं आणि आठवड्याच्या आत घराची कुलपं बदलली. बील यांनी वर्नातर्फे केलेला दावा ठराविक मुदतीत कोरीनच्या हाती पडायला हवा होता. मुदत कधीच उलटली होती. हारलनचे कागद खरोखर पोचले असतील तर वर्नाला घर मिळण्याची आशा. नसतील तर घर विकायला मोकळं, आणि वर्ना भाचीच्या अंगणातल्या कॅम्पर गाडीत.

“सोमवारी ती येतेय ना? मी देते परत एकदा हातात,” मी म्हटलं.

“साक्षीसाठी दुसऱ्या राज्यातून आलेल्या माणसाला त्या फेरीत कागद देता येत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि दिले तरी मुदत गेली ती गेलीच.” त्यांनी चष्मा परत चढवला. “हारलन खरं बोलला हे सिद्ध करा. नाहीतर निदान मला झोप लागेल असं काहीतरी आणा.”

२

कोरीनला मी एकदाच भेटले होते, अंत्यविधीच्या दिवशी, चर्चच्या तळघरात. आमच्याकडे कुणी गेलं की अख्खं गाव भांडी घेऊन येतं. दुधातले बटाटे, हॅम, शेंगा, ॲपल-पाय. घरचे लोक आठवडाभर चूल पेटवत नाहीत.

माझा धंदा कोरीनला कुणीतरी सांगितला असावा. ती सरळ माझ्यापाशी आली. उंच, उन्हाने रापलेली, केस घट्ट बांधलेले.

“माझ्यासाठी काही कागद नाहीत ना आणलेत?”

“अंत्यविधीत आम्ही कागद देत नाही, बाई. तेवढी लाज आहे आम्हाला.”

ती जरा ओशाळली. “इथली थंडी मी विसरलेच होते,” ती म्हणाली. “आमच्याकडे या दिवसांत अंगणात लिंबं लगडलेली असतात.”

मग सगळे पांगले आणि मी कोट शोधत परत आले, तेव्हा ती बेसिनपाशी उभी राहून भांडी घासत होती. डोळे कोरडे, पण हात थांबत नव्हते. चर्चच्या बायका ‘अगं राहू दे’ म्हणत होत्या आणि ती ऐकत नव्हती. मला तेव्हा वाटलं, आईने चांगलं वळण लावलंय. दोन दिवसांनी तिने वर्नाला घराबाहेर काढलं, तेव्हा मी वळणाबद्दलचं मत गिळून टाकलं.

बाहेरच्या राज्यातला माणूस इस्टेट सांभाळणार असेल, तर कागद घ्यायला इथल्या कुणाचं तरी नाव द्यावं लागतं. कोरीनने चुलत भावाचं, ड्वाइटचं दिलं. ड्वाइटने पंधरवड्यात हात झटकले आणि आपला ट्रेलर पूल ओलांडून वेस्ट व्हर्जिनियात नेऊन ठेवला. दिवसा दुकान इकडे, झोपायला तिकडे. हारलन महिनाभर त्याच्या मागे पुलावरून ये-जा करत होता.

घराची किल्ली कोरीनखेरीज ड्वाइटकडेच होती. हारलनने मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्याच्या बायकोला, शेरीला, कोरीन समजून कागद दिले असतील का? शेरीही उंच, तीही केस घट्ट बांधते. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना, म्हणून मी आधी ड्वाइटकडे गेले.

३

ड्वाइटचं दुकान नदीकाठी. गळाला लावायची गांडुळं, छोटे मासे, बिअर आणि गप्पा.

“आली बघा साडेसाती!” मला बघून तो ओरडला. “मी आता कुणाचा काही लागत नाही, नडीन. कागद दिलेस तर गांडुळांना खायला घालीन.”

“कागद नाहीत रे बाबा. बसायला दे काहीतरी.”

त्याने पिंप उलटं करून दिलं. शेजारच्या फळीवर ओल्या मातीत गांडुळं वळवळत होती, आणि माती होती ती ओव्हनच्या छान छान काचेच्या भांड्यांत. मी एक उचलून खाली बघितलं. बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर शाईने नाव: बी. हॅथवे. आमच्याकडे प्रत्येक बाई भांड्याच्या बुडाला नाव चिकटवते, म्हणजे ते घरी परत येतं.

“ड्वाइट! ही बेट्टीची भांडी. तिचा ॲपल-पाय खाल्लास आणि तिच्या भांड्यात गांडुळं?”

“माझी आई गेली तेव्हा आली होती. मागितली नाहीत कुणी.”

“तीन वर्षं झाली आई जाऊन!”

“म्हणजे बघ. आता काय मागणार?”

मी कपाळावर हात मारला. “रानलसणीच्या जेवणाला कुठे होतास?”

“कुठे म्हणजे? अग्निशमन केंद्रात. सकाळपासून बटाटे तळत होतो. तूच तीनदा घेतलेस आणि वर म्हणालीस मीठ कमी आहे.”

ते खरं होतं. मीठ कमीच होतं. आणि शेरी त्याच्या शेजारी दिवसभर शेंगा वाढत होती, हे मीच पाहिलं होतं, ते आत्ता आठवलं. त्या शनिवारी गावात घरी कुणीच नसतं. सगळे केंद्राच्या हॉलमध्ये, आणि पुढचे दोन दिवस सगळ्यांच्या तोंडाला रानलसणीचा वास. गावात गुपचूप येऊन जायचं असेल, तर त्याच्याइतका सोयीचा दिवस वर्षात दुसरा नाही. आणि इथेच वाढलेल्या कोरीनला हे माहीत असणार.

“घरात त्या दिवशी कोण होतं मग?”

ड्वाइटचं हसू मावळलं. तो फडक्याने हात पुसायला लागला.

“किल्ली माझ्या खिशात होती,” तो म्हणाला. “एवढंच सांगतो. कोरीन माझी बहीण आहे, नडीन. बाकी मला विचारू नकोस.”

४

म्हणजे कागद शेरीने घेतले नव्हते. राहिले दोघं. एक तर कोरीन आली होती, नाहीतर हारलन खोटं बोलला होता. गाडीत बसल्यावर मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मी कोरीनला शोधत होते, पण सापडणार होता तो हारलन, असं वाटायला लागलं. तिच्या विमानाची नोंद कुठे नव्हती. शेजारपाजाऱ्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं. कसं पाहणार, सगळे बटाटे खात होते.

वर्ना कॅम्परच्या पायरीवर मटार सोलत बसली होती. आधीच किडकिडीत, आता पार वाळली होती.

“कॉफी करते,” ती म्हणाली. “पण कप एकच आहे. तू आधी पी, मग मी.”

मला तिच्यासमोर काही आशेचं बोलवेना. ती मात्र बोलत राहिली. पीचची झाडं कुणी छाटली नसतील. मागच्या खोलीत पाणी गळतं, तिथे बादली ठेवायला हवी होती. वेंडेल सकाळी त्या खिडकीत उभा राहून बोटींना हात करायचा.

“मला काही नको गं,” ती म्हणाली. “सोनंनाणं नको, गाडी नको. त्या खिडकीत उभं राहायचंय. इथे रात्री पाय लांब करता येत नाहीत, आणि मेले तर भाचीला अंगणातून बाहेर काढावं लागेल. लाज वाटते त्याची.” आणि तिला रडू आलं. मटार घरंगळत गवतात गेले. मी गुडघा धरून खाली बसले आणि ते गोळा करायला लागले, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना.

“आणि इमोजीन काय म्हणत असेल!” वर्ना डोळे पुसत म्हणाली.

“इमोजीन लस्क? तिचं काय मध्येच?”

“तिचं भांडं राहिलं. निळ्या काठाचं, बटाट्यांचं. मी घासून मागच्या खोलीत फ्रीजवर ठेवलं होतं. त्यात जॅम घालून नेऊन देणार, तेवढ्यात कुलपं बदलली. माझ्या हातून आयुष्यात कुणाचं भांडं राहिलं नाही, नडीन. बाई काय म्हणेल?”

आमच्याकडे भांडं परत करायची एक रीत आहे. ते रिकामं देत नाहीत. काहीतरी घालून देतात, अगदी चार अंडी का होईना. वर्नाला घर गेल्याच्या खालोखाल हेच टोचत होतं. मी म्हटलं, इमोजीनबाईंना जाऊन सांगते, तुझं मन तरी मोकळं होईल. दिवसभरात तेवढं एक काम तरी माझ्या हातून होणार होतं.

५

इमोजीनबाई डोंगराच्या धारेवर राहतात. वय नव्वदीकडे झुकलेलं, चर्चच्या स्वयंपाकघरावर अजून त्यांचंच राज्य. त्यांच्या ओसरीत एक झोपाळा, एक जुना उभा फ्रीज आणि एक बहिरा कुत्रा. कुत्र्याने माझ्या बुटांचा वास घेतला आणि परत पडून राहिला.

“आलीस ती बरं झालं,” बाई म्हणाल्या. “माझ्या मनाला एक रुखरुख आहे. वर्नाचे आभार मानायचे राहिलेत.”

“कसले आभार? ती तर तुमची क्षमा मागतेय. भांडं परत करता आलं नाही म्हणून.”

“काहीतरीच काय? भांडं आलं की!”

त्या आत गेल्या आणि निळ्या काठाचं भांडं घेऊन आल्या. मी उलटं केलं. चिकटपट्टी, आय. लस्क.

माझा गुडघा दुखायचा थांबला असावा, निदान मला तो जाणवला नाही.

“कधी आलं, बाई?”

“रानलसणीच्या जेवणाला. मी सकाळीच लसूण निवडायला गेले होते, घरी आले तर हे ओसरीत. फ्रीजच्या डोक्यावर! सगळे झोपाळ्यावर ठेवतात, हे एवढं उंच कुणी ठेवलं म्हणून मी स्टूल घेऊन चढले.”

“रिकामं होतं?”

“छे! भरून लिंबं. आणि काय लिंबं, नडीन! देठाला पानं तशीच. दुकानात पानासकट लिंबू कधी बघितलंस? मी पानं चुरडून वास घेत बसले. म्हटलं, वर्नाला एवढी महागडी लिंबं परवडली कुठून?”

मी झोपाळ्यावर बसले आणि हसायला लागले. मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. बाई घाबरल्या आणि आतून पाणी आणायला धावल्या. टेकडीवर बसलेला तो मुका म्हातारा खरं बोलला होता.

६

“एकेक करून सांगा,” बील म्हणाले. या खेपेला मला जिना कसा चढले ते कळलंही नव्हतं.

“भांडं वेंडेलच्या बंद घरात होतं. वर्ना बाहेर. किल्ल्या दोनच, ड्वाइटची आणि कोरीनची. त्या शनिवारी ड्वाइट सगळ्या गावासमोर बटाटे तळत होता आणि किल्ली त्याच्या खिशात होती. शिवाय तो भांडी परत करत नाही, त्यात गांडुळं पाळतो. मग बंद घरातून ते भांडं काढून धारेवर नेलं कुणी? आणि पानासकट लिंबं आमच्याकडे उगवत नाहीत. कोरीनच्या अंगणात उगवतात, हे तिने स्वतः मला सांगितलंय. विमानाने आलीच नाही ती. मेलेल्या आईच्या वस्तू अजून त्या घरात होत्या, त्या न्यायला ट्रक घेऊन आली असणार. सीटवर लिंबांची पिशवी.”

बील यांनी टेबलावर थाप मारली, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला.

“ती म्हणेल, किल्ली मैत्रिणीला दिली होती. म्हणेल, लिंबं टपालाने पाठवली. तिकडचा वकील तेवढी फट शोधून काढेलच. आणि मी साक्षीत लिंबांचा विषय काढला की ती सावध होणार.”

“मग काढू नका.”

“म्हणजे?”

“इमोजीनबाईंना तिचे आभार मानायचेत. वर्नाने दिलं नाही हे कळल्यापासून त्या माझ्या मागे लागल्यात, कुणी दिलं ते सांग. मी म्हटलं, सोमवारी कोर्टात या, बहुतेक भेटेल. खोटं बोलायला नको, सापळा लावायला नको. म्हातारी फक्त आभार मानणार.”

“आणि ती ‘कसली लिंबं?’ म्हणाली तर?”

मी कठडा धरून जिना उतरायला लागले.

७

सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात कोरीन बाकावर बसली होती. शेजारी तिचा कोलंबसहून आलेला वकील, हातात चामडी बॅग. समोरच्या बाकावर बील आणि वर्ना. वर्नाने वेंडेलच्या अंत्यविधीचाच पोशाख घातला होता, तिच्याकडे दुसरा नव्हता. दारात कोर्टाची कारकून बाई फायली घेऊन उभी.

कोरीन थकलेली दिसत होती. अंत्यविधीत पाहिली होती त्यापेक्षा कितीतरी थकलेली. मला तिची कीव आली आणि स्वतःचा रागही आला.

इमोजीनबाई काठी टेकत आल्या. मी त्यांना कोरीनकडे बोट दाखवलं नाही. गरजच नव्हती, त्यांनी तिला लहानपणी चर्चमध्ये मांडीवर घेतलं होतं.

“कोरीन ना गं तू? ल्युसीलची कोरीन?” त्यांनी तिचा हात हातात घेतला. “बाळा, त्या लिंबांचे आभार मानायचे राहिले. इतकी रसाळ होती! मी त्यांचा लेमन-पाय केला आणि सगळ्या शेजाऱ्यांना वाटला.”

बील छताकडे बघत होते.

कोरीनचा चेहरा उजळला. एका क्षणात, लहान मुलीसारखा.

“आवडली ना? मला वाटलं खराब होतील. तो तुमचा कुत्रा सारखा तोंड घालत होता, म्हणून मी वर फ्रीजवर ठेवली. तुम्हाला काढायला त्रास नाही ना झाला?”

तिच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. कारकून बाईने फायली छातीशी धरल्या.

मग कोरीनला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. इमोजीनबाई मात्र अजून तिचा दुसरा हात थोपटत होत्या. “नाही गं, कसला त्रास! स्टुलावर चढले.”

वकील तिच्या कानाशी वाकला. तिने मान हलवली. “नको,” ती मोठ्याने म्हणाली. “पुरे झालं आता. मला काही सुचत नाहीये. तो म्हातारा आला होता. दारावर किल्ली वाजवली. नाव विचारलं. मी हो म्हटलं, त्याने कागद दिले. ते मी वाटेत पेट्रोल पंपावर टाकून दिले.” ती माझ्याकडे वळली. “मी फक्त आईचं शिलाई मशीन न्यायला आले होते. भांडं दिसलं. इमोजीनबाईंचं नाव दिसलं. मला तिथून लगेच पळायचं होतं, पण ते तसंच सोडून जाववेना. आणि रिकामं ठेवायला हात होईना. आई कबरीतून उठून आली असती.”

वर्ना पुढे सरकली. “घासलेलं होतं ना गं?” तिने विचारलं. “मी घासून ठेवलं होतं.”

“हो,” कोरीन म्हणाली, आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली.

८

आत गेल्यावर फार काही उरलंच नाही. कागद पोचले होते, दावा जिवंत होता. संध्याकाळपर्यंत दोन्ही वकिलांनी मिळून लिहून टाकलं, वर्ना हयात असेपर्यंत घर तिचं. खोट्या जबाबाचं काय करायचं ते जज्जने राखून ठेवलं. मी टेकडीवर जाऊन हारलनला सगळं सांगितलं, लिंबांसकट. त्याने एक डोळा मिटला. मग डाव्या हाताने माझी किल्ल्यांची जुडी ओढून घेतली आणि खुर्चीच्या लाकडावर वाजवली, दारावर वाजवायचा तशी. नर्स धावत आली, काय हवंय विचारायला. मी तिला सांगितलं, काही नको, बरा आहे तो.

दुसऱ्या दिवशी वर्नाला घरी सोडायला गेले. ती खिडकीत जाऊन उभी राहिली. मी मुद्दाम मागच्या खोलीत रेंगाळले, गळणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवली. बऱ्याच वेळाने ती आली आणि कपाटात हात घालून एक भांडं काढलं. पिवळं, काठाचा टवका उडालेलं.

“हे ल्युसीलचं. कोरीनच्या आईचं. वेंडेलने कधी टाकू दिलं नाही. तिला द्यायला हवं.”

“ज्या बाईने तुला रस्त्यावर काढलं, तिला?”

“तिच्या आईचं आहे गं.” वर्नाने तळघरातून पीचच्या मुरंब्याच्या बाटल्या आणल्या आणि भांड्यात बसवल्या. “तू नेऊन दे. ती अजून हायवेवरच्या मोटेलमध्ये आहे.”

“मीच का?”

“तुझं कामच ते.”

आता यावर काय बोलणार! गेले. मोटेलच्या दारावर किल्ली वाजवली. कोरीनने दार उघडलं, मला बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिची नजर माझ्या हातातल्या पुडक्यावर होती.

“आता आणखी काय?”

“कोर्टाचं नाही. वर्नाने पाठवलंय.”

तिने पुडक्यावरचा कागद बाजूला केला. पिवळा रंग बघताच ती थांबली. मग भांडं हळूच तिरकं करून तिने बूड पाहिलं. जुनी, तपकिरी पडलेली चिकटपट्टी होती, आणि तिच्यावर तिच्या आईचं अक्षर. तिने त्या अक्षरावरून बोट फिरवलं. मी सवयीचंच बोलले.

“आपण कोरीन टॅकेट ना? ल्युसील टॅकेट यांची मुलगी?”

“हो,” ती म्हणाली, आणि भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. “मीच.”